सापडलेलं औषध टिकवायचं कसं

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्लाझोमायसिन नावाच्या नव्या अँटिबायोटिकला परवानगी दिली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे मूत्रमार्गाला झालेल्या गुंतागुंतीच्या संसर्गावर ते चालत होतं. ते घडवलं होतं अकेओजेन या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने, वर्षानुवर्षं खपून. परवानगी मिळाली, बातम्या झाल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध बाजारात आल्यापासून २०१८ सालअखेरपर्यंतची विक्री दहा लाख डॉलरपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. गंमत म्हणजे २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने प्लाझोमायसिनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. तोवर कंपनीचं सामानसुमान लिलावात निघालं होतं. चीन वगळता बाकी जगासाठीचे या औषधाचे हक्क मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकी उपकंपनीने घेतले, तेही औषध घडवायला लागलेल्या पैशाच्या मानाने किरकोळ किमतीत.

नव्या अँटिबायोटिकच्या बातम्या आपण वाचतो त्या बहुतेक ‘शास्त्रज्ञांना रेणू सापडला’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. रेणू सापडणं ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण गेल्या दहा वर्षांचा अनुभव पाहिला तर अडचण सापडण्यात कमी आणि सापडलेलं रुग्णाच्या शिरेपर्यंत पोचवण्यात जास्त आहे. अकेओजेन हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. पुढे आणखीही येतील.

आकडा एकदाच सांगतो. लॅन्सेटमध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली. त्याच गटाने २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा की २०२५ ते २०५० या काळात अशा मृत्यूंची एकूण संख्या ३.९ कोटींवर जाईल. हे मृत्यू सगळ्या जिवाणूंत सारखे वाटलेले नाहीत. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारलं तर तीनचार नावं पटकन येतील: क्लेब्सिएला, ई. कोलाय, सुडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर. हे सगळे ग्राम-निगेटिव्ह.

हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये रंग देऊन जिवाणू ओळखण्याची पद्धत काढली. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. रंग सोडून देणारे ते ग्राम-निगेटिव्ह. हा फरक नुसत्या रंगाचा नाही, बांधणीचा आहे. या जिवाणूंना एकाऐवजी दोन पटलं असतात, म्हणजे माची ओलांडली तरी बालेकिल्ला बाकीच. बाहेरच्या पटलाच्या वरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइड नावाच्या मेद आणि शर्करेच्या रेणूंची दाट वीण असते. मोठे रेणू त्यातून आत शिरत नाहीत. छोटे रेणू प्रथिनांच्या बारीक छिद्रांतून जाऊ शकतात, पण जिवाणू ती छिद्रं अरुंद करू शकतो, नाहीतर कमी करू शकतो. इतकं करून औषध आत गेलंच, तर ते बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप असतात. आणि दोन पटलांच्या मधल्या जागेत औषध तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, दबा धरून असतात. प्रयोगशाळेत नुसत्या प्रथिनावर उत्तम काम करणारे कितीतरी रेणू आख्ख्या जिवाणूसमोर हात टेकतात ते यामुळे.

पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून ते बांधकाम बंद पाडतात. जिवाणूंनी ही औषधं तोडणारी बीटा-लॅक्टमेज विकरं तयार केली. मग माणसाने ती विकरं अडवणारे सोबती शोधले. ऑगमेंटिनमधलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हा असाच सोबती, १९८१ पासून बाजारात असलेला. मग विकरं बदलली, सोबतीही बदलले. कार्बापेनेम गटाची औषधं, आपल्याकडच्या आयसीयूत सर्रास वापरलं जाणारं मेरोपेनेम त्यातलंच, बराच काळ शेवटचा भरवसा होती. मग एनडीएम आलं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात हे विकर पहिल्यांदा ओळखलं गेलं. तो त्याआधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता, म्हणून नावात ‘न्यू डेल्ही’ आलं. २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडे मोठा गहजब झाला. जिवाणूंना अर्थात नावाशी देणंघेणं नव्हतं, ते पसरत राहिले. आज आयसीएमआरच्या पाहणीत असलेल्या रुग्णालयांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दहा नमुन्यांपैकी जवळपास नऊ मेरोपेनेमला दाद देत नाहीत. अशा वेळी उरतं कोलिस्टिन, १९४० च्या दशकात जपानमध्ये सापडलेलं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून पुढे मागे पडलेलं. जुनं टाकलेलं हत्यार पुन्हा उपसायची वेळ यावी, यावरूनच परिस्थिती कळते.

एनडीएमची खोड अशी की ते जस्ताच्या अणूंच्या मदतीने काम करतं. अ‍ॅव्हिबॅक्टमसारखे नवे सोबती दुसऱ्या जातीच्या विकरांना अडवतात, एनडीएमला अडवू शकत नाहीत. मात्र अ‍ॅझट्रिओनाम हे जुनं औषध एनडीएमला तोडता येत नाही. ते तोडतात जिवाणूतली दुसरी विकरं, आणि त्या विकरांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवतं. म्हणजे दोघांची जोडी जमली तर काम होतं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हे कुठल्याही कंपनीआधी ओळखलं होतं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही दोन वेगवेगळी इंजेक्शनं एकाच वेळी चालू करण्याची पद्धत आपल्या मोठ्या रुग्णालयांत बरीच वर्षं आहे. एकत्रित तयार औषधाला युरोपात परवानगी मिळाली एप्रिल २०२४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये.

पण इथेही एक मेख आहे, आणि ती खास आपल्याकडची. भारतातल्या बऱ्याच ई. कोलायमध्ये अ‍ॅझट्रिओनाम ज्या प्रथिनाला चिकटतं त्या प्रथिनातच चार अमिनो आम्लांची जादा भर पडलेली दिसते. त्यामुळे औषधाला नीट पकड मिळत नाही. विकर अडवलं तरी नेम चुकतो. पाश्चात्त्य रुग्णांचा विचार करून घडलेलं औषध इथे तसंच्या तसं चालेल असं मानता येत नाही ते यासाठी.

नेमक्या या ठिकाणी मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीचं काम मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या झिडेबॅक्टम या रेणूने वेगळी वाट धरली आहे. एनडीएमला अडवायच्या फंदात तो पडतच नाही. भिंत बांधणारी प्रथिनं एकाहून अधिक असतात. सेफेपिम हे जुनं औषध त्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाला पकडतं, झिडेबॅक्टम दुसऱ्या क्रमांकाच्या. तिसरं बंद पडलं की जिवाणूला दोन भागांत विभागता येत नाही, तो नुसताच लांबत जातो. दुसरं बंद पडलं की त्याचा काठीसारखा आकार जाऊन तो गोल होतो. यातलं एकच घडलं तर जिवाणू काही काळ तग धरतो, पण दोन्ही एकदम घडली तर भिंत सावरत नाही. एनडीएमने सेफेपिमचा काही भाग तोडला, तरी झिडेबॅक्टमला ते तोडू शकत नाही, आणि उरलेलं सेफेपिम पुरेसं ठरतं. अजून परवानगी नसताना, दुसरा इलाजच उरला नाही अशा गंभीर रुग्णांना विशेष संमतीने हे औषध दिलं गेलं, त्यात अमेरिकेतलेही रुग्ण होते. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गात मेरोपेनेमशी तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकी औषध प्रशासनाकडे अर्ज केला.

आतमध्ये शिरायची आणखी एक युक्ती जपानच्या शिओनोगी कंपनीने काढली. जिवाणूंना लोह लागतं. आपलं शरीर ते सहजासहजी हाती लागू देत नाही, म्हणून जिवाणू लोह पकडणारे रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत ओढून घेतात. सेफिडेरोकॉल हे औषध स्वतःला असाच एक लोहवाहक भाग लावून घेतं. जिवाणू ते आपण होऊन आत नेतो. युक्ती देखणी आहे, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. तरीही कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या संसर्गांवरच्या एका चाचणीत सेफिडेरोकॉल घेतलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, विशेषतः अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांत, आणि औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापावा लागला. कागदावरची कल्पना कितीही चलाख असली तरी आयसीयूतला रुग्ण हा वेगळाच मामला असतो.

अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी सध्या सगळ्यात जास्त नजर आहे ती झोसुराबालपिनवर. रोश कंपनी आणि हार्वर्डचे शास्त्रज्ञ यांनी मिळून केलेलं हे काम जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. यातली कल्पना जरा थांबून पाहावी अशी आहे. बाहेरच्या पटलातलं ते लिपोपॉलिसॅकराइड तयार होतं आतल्या पटलापाशी. तिथून ते बाहेर न्यायला सात प्रकारच्या प्रथिनांची एक साखळी लागते, दोन पटलांच्या मध्ये टाकलेला पूलच म्हणा. हार्वर्डचे डॅनियल काहने वर्षानुवर्षं या वाहतुकीचा अभ्यास करत होते. झोसुराबालपिन पुलाच्या आतल्या टोकाशी, माल वाटेत असतानाच, प्रथिन आणि लिपोपॉलिसॅकराइड या दोघांना मिळून पकडतं. माल पुढे सरकत नाही आणि मागेही जात नाही. बाहेरचं पटल कमकुवत होतंच, शिवाय आत साठत गेलेला माल जिवाणूलाच विषासारखा बाधतो. औषधाने जाऊन बसायची ही जागा आजवर कुठल्याही वापरातल्या औषधाने घेतलेली नव्हती, म्हणून जुन्या प्रतिरोधाचा इथे उपयोग होत नाही.

सुरुवात झाली ती सुमारे ४५ हजार वर्तुळाकार पेप्टाइड रेणूंच्या चाळणीतून. त्यात हाती लागलेला पहिला रेणू जिवाणू मारत होता, पण प्राण्यांत दिल्यावर रक्तातल्या मेदाशी त्याचं जमत नव्हतं. तो दोष काढायला रेणूवरचा विद्युतभार बदलून संतुलित करावा लागला. वाचायला हे एक वाक्य, करायला त्यात वर्षं जातात. आणि पुढची खात्री तरीही नसते. याच वाहतुकीच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्य करणारं म्युरेपाव्हाडिन नावाचं एक औषध स्वित्झर्लंडच्या पॉलिफोर कंपनीने सुडोमोनाससाठी तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेलं होतं. २०१९ मध्ये रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा होताना दिसली आणि शिरेतून देण्याच्या त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. झोसुराबालपिनच्या तिसऱ्या टप्प्याची घोषणा रोशने २०२५ मध्ये केली आहे. ते यशस्वी झालं तर ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी पन्नासहून अधिक वर्षांनी औषधांचा नवा वर्ग मिळेल.

मातीतून औषध शोधायची जुनी परंपराही आटलेली नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेरी राइट यांच्या गटाने हॅमिल्टन शहरातल्या एका घराच्या परसातली माती घेतली, त्यातले जिवाणू वर्षभर सावकाश वाढू दिले, आणि त्यातून लॅरिओसिडिन नावाचा गाठ मारलेल्या दोरीसारखा पेप्टाइड मिळवला. २०२५ मध्ये तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर तो एका नव्याच ठिकाणी बसतो. वाचताना मला पिंपरी आठवली. १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांनी तिथल्या मातीतून बुरशीविरोधी हॅमायसिन शोधलं होतं, आणि ते ज्या जीवापासून मिळालं त्याचं नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना. सरकारी कारखान्यात स्वतःचं औषध शोधण्याची उमेद त्या काळी होती. पुढे ती का विझली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मातीच्या जोडीला आता संगणकही आला आहे. एमआयटीत २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने हजारो रेणूंच्या यादीतून हॅलिसिन निवडून काढलं, तेव्हा बराच गाजावाजा झाला. हॅलिसिन अजून कुठल्याही रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर नाही. शोधाचा वेग वाढला, पण पुढची वाट पूर्वीइतकीच लांब आहे.

त्या वाटेवर सध्या किती औषधं आहेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात माणसांवरच्या चाचण्यांत असलेली जिवाणूविरोधी औषधं ९० होती, दोन वर्षांपूर्वी ९७ होती. या ९० पैकी १५ खऱ्या अर्थाने नवी, आणि त्या १५ पैकी पाचच संघटनेच्या अतिगंभीर यादीतल्या एखाद्या तरी जिवाणूवर चालणारी. कर्करोगाच्या औषधांची गर्दी पाहिली की ही संख्या केविलवाणी वाटते.

कारण सरळ आहे आणि ते विज्ञानाचं नाही. रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. अँटिबायोटिक पाचसात दिवस. त्यातही नवं, प्रभावी अँटिबायोटिक आलं की शहाणे डॉक्टर ते राखून ठेवतात आणि दुसरं काही चालत नसेल तेव्हाच काढतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच, कंपनीच्या दृष्टीने मात्र आत्मघात. अकेओजेन बुडाली, त्याच वर्षी मेलिंटा ही दुसरी अँटिबायोटिक कंपनी बुडाली, आणि मोठ्या कंपन्यांनी हे खातंच बंद करायचा सपाटा लावला. त्यावर ब्रिटनने काढलेला उपाय मला पटतो. सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या दोन औषधांसाठी २०२२ पासून तिथली आरोग्यसेवा कंपन्यांना दरवर्षी एक ठरलेली रक्कम देते, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत, मग बाटल्या किती लागल्या ते मोजत नाही. विक्री आणि कमाई यांची गाठ सोडवली की औषध राखून ठेवण्यात कुणाचं नुकसान उरत नाही. अमेरिकेत असाच कायदा करायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, कायदा झालेला नाही.

दुसरी वाट ना-नफा संस्थेची. जीएआरडीपी ही संस्था २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने निघाली. परम्यावरच्या झोलिफ्लोडॅसिन या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी तिनेच चालवली, आणि तीत दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधले रुग्ण पहिल्यापासून होते. गरीब देशांतल्या वापराचा विचार औषध श्रीमंत देशांत विकून झाल्यावर करायचा, हा नेहमीचा क्रम इथे मोडला.

आपल्याकडेही काही घडतंय, हे मान्य करायला हवं. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेलं एनमेटाझोबॅक्टम सेफेपिमसोबत फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. शोध भारताचा आणि मंजुरी अमेरिकेची, असं अँटिबायोटिकच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वोक्हार्टच्या नॅफिथ्रोमायसिनचं दिल्लीत अनावरण झालं. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस, तोंडाने घ्यायचं औषध. सरकारी माहितीनुसार त्यामागे १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये आहेत. मला काळजी वाटते ती याच औषधाची. शिरेतून द्यायचं झिडेबॅक्टम निदान रुग्णालयाच्या भिंतीआड राहील. तीन दिवसांची सोपी गोळी गल्लीतल्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर आली की काय होतं, ते अ‍ॅझिथ्रोमायसिनने दाखवून दिलं आहे. साध्या सर्दीला, घसा बसला म्हणून, कोविडच्या काळात तर भीतीपोटी आपण ते इतकं खाल्लं की न्यूमोनियाचे जिवाणू त्याला सरावले. त्या सरावलेल्या जिवाणूंसाठीच नॅफिथ्रोमायसिन घडवलं गेलं. अनुसूची एच-१ चा नियम २०१४ पासून आहे: चिठ्ठी हवी, नोंदवही हवी. केरळने छापे घालून तो थोडाफार पाळायला लावला. बाकीच्या राज्यांत तो पाटीवरच आहे.

मात्र उधळपट्टीची ही गोष्ट खरी असली तरी अर्धीच आहे. लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये २०२५ साली आलेल्या जीएआरडीपीच्या अभ्यासात आठ देशांतल्या, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या ग्राम-निगेटिव्ह संसर्गांचा हिशोब मांडला आहे. २०१९ मध्ये असे सुमारे १५ लाख संसर्ग झाले, त्यातले बहुसंख्य भारतात. त्यांच्यापैकी योग्य औषध मिळालं ते १०० मधल्या सातांना. भारतात हे प्रमाण ७.८ टक्के. म्हणजे ज्यांना नको त्यांनी मूठमूठ गोळ्या खायच्या, आणि ज्यांना हवंच त्यांच्यातल्या ९० हून अधिक टक्के लोकांना ते मिळत नाही. नवं औषध आलं की हे चित्र आपोआप बदलेल, असं मानायला काही आधार नाही.

बदलायचं तर सुरुवात औषधाच्या बाटलीपासून करून चालणार नाही. झोसुराबालपिन फक्त अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर चालतं. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला क्लेब्सिएला असेल तर त्याचा शून्य उपयोग. पूर्वी एकच औषध पाचपंचवीस जिवाणूंवर चालायचं, तेव्हा अंदाजाने इंजेक्शन सुरू केलं तरी बहुधा भागायचं. नव्या पिढीतली बरीच औषधं अशी नेमकी आहेत, आणि त्यात फायदाही आहे, आतड्यातले बिनधोक जिवाणू वाचतात, प्रतिरोध कमी पसरतो. पण मग रक्तात नेमका कोण वाढतो आहे हे वेळेत कळायला हवं. साध्या पद्धतीने कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचा अहवाल यायला दोनतीन दिवस लागतात, आणि सेप्सिसमध्ये तेवढा अवधी रुग्णाकडे क्वचित असतो. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत काही तासांत जिवाणूचं नाव आणि एनडीएमसारखी जनुकं सांगणारी यंत्रं आली आहेत. तालुक्याच्या ठिकाणी रक्ताचा नमुना अजून बाटलीत भरून, गाडीने, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत मेरोपेनेम सुरू झालेलं असतं.